गिझर पेटवू नका

अल्मा स्ट्रीट, बर्नली
६ मे १९७३

प्रिय क्लिफ भावजी,

तुम्ही पाठवलेली फुलं वेळेवर पोचली होती. कार्डही मिळालं. त्यावर सही सोडून तीनच शब्द होते, पण ते तुमच्या हातचे होते, एवढं पुष्कळ झालं. कॅनडाहून इतक्या घाईनं येणं सोपं नाही, हे मला कळतं. चर्चमध्ये लोक विचारत होते, "सिरिलचा धाकटा भाऊ आला नाही का?" मी सांगितलं, बोट मिळाली नाही.

सिरिलला जाऊन या आठवड्यात तीन महिने होतील. आज लिहितेय ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. हसू नका. स्वयंपाकघरातला नळ गळतोय.

प्लंबर "येतो, येतो" म्हणतोय त्याला तीन आठवडे झाले. घरात हत्यारं ढीगभर आहेत, पण त्यांना हात लावायची मला बंदी होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा तसबीर टांगायला मी हातोडी घेतली, तर सिरिल म्हणाला, "एडना, मी मेलो का?" आता मेलाय, आणि हातोडी कुठल्या खणात असते तेही मला माहीत नाही.

तुम्ही सुतार, नळाचं काम तुमचं नव्हे. पण तुमच्या बाबांच्या हाताखाली तुम्ही सगळं शिकलात. हा नळ कसा दुरुस्त करायचा ते लिहून कळवाल का? लहान पोराला सांगावं तसं सांगा.

आणखी एक. तुम्हा दोघा भावांचं बोलणं सुटलं ते बाबांच्या हत्यारांच्या पेटीवरून, असं सिरिलनं मला सांगितलं होतं. पेटी अजून माझ्याकडे आहे. तुम्हाला हवी असेल तर पाठवते. अकरा वर्षं अबोला धरावा एवढं त्या पेटीत काय आहे, ते मात्र मी उघडून पाहिलं तरी मला कळलं नाही.

तुमची वहिनी,
एडना

*

लुनेनबर्ग, नोव्हा स्कोशिया
१९ मे १९७३

प्रिय एडना वहिनी,

पत्र मिळालं. पेटी तिथेच राहू द्या. इथे बोटींच्या कारखान्यात मला लागतील तेवढी हत्यारं आहेत.

आता नळ. सिंकखाली मुख्य कॉक असेल. तो उजवीकडे फिरवून पूर्ण बंद करा. मग वरचा नळ उघडून नळीत राहिलेलं पाणी वाहून जाऊ द्या. सिंकच्या भोकाला बूच लावा, नाहीतर स्क्रू त्यात पडेल आणि तुम्ही माझ्या नावानं शंख कराल. नळाच्या चकचकीत टोपणाला जुनं फडकं गुंडाळा, पाना थेट लावलात तर चरे पडतात. टोपण डावीकडे फिरवून काढा. खालच्या नटालाही पाना लावा. तो आधी हलणार नाही. झटका देऊ नका, हळूहळू जोर वाढवत न्या. आतला भाग वर आला की त्याच्या बुडाशी रबराचा काळा वायसर दिसेल. तो झिजलाय. तोच खिशात घालून दुकानात जा आणि "अस्सा द्या" म्हणा. दुकानदाराशी इंच-सूत बोलायला जाऊ नका, तो तुम्हाला घोळात घेईल.

दहा मिनिटांचं काम आहे. तुम्हाला तास लागेल. लागू द्या.

दादा गेल्याची तार तुम्ही केलीत, तेव्हापासून तुम्हाला पत्र लिहायला घेतो आणि ठेवून देतो. नळानं ते काम सोपं केलं, त्याचे आभार.

क्लिफ

*

अल्मा स्ट्रीट, बर्नली
१० जून १९७३

प्रिय भावजी,

झालं! नळ गळायचा थांबला. पण मुख्य कॉक म्हणून मी जो बंद केला तो निघाला शेजारच्या हिल्डाचा. आमच्याकडे पाण्याचा फवारा थेट छतापर्यंत, आणि पलीकडे हिल्डा डोक्याला साबण लावून कोरड्या नळाखाली वाकलेली. तशीच फेस घेऊन दारात आली. "एडना, नवरा गेला म्हणून शेजारणीलाही मारतेस का?" म्हणाली. मग दोघींनी मिळून बरोबर कॉक शोधला. फेब्रुवारीनंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

आता मला चटकच लागली आहे. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. जिन्यातली सुटलेली पट्टी ठोकली. आणि मग परवा बैठकीच्या खोलीतल्या फळीवर फडकं फिरवत होते, तर ती फळी, तिच्यावरच्या चिनी मातीच्या कुत्र्यांसकट, माझ्या अंगावर आली. भिंतीतली भोकं पाहिली. स्क्रू पक्के बसावेत म्हणून लाकडी गुट्ट्या असतात ना आत? तशा नव्हत्या. आगपेटीच्या काड्या होत्या, आणि वर्तमानपत्राचा चघळल्यासारखा बोळा.

भावजी, अख्खी गल्ली सिरिलच्या हाताची तारीफ करायची. मी स्वतः किती मिरवलंय! मला राग नाही आला. वाटलं, एवढ्या वर्षांत मी त्या फळीवर एकदाही जड काही ठेवलं नाही, म्हणून तर ती टिकली. त्याला ते ठाऊक असेल का? मी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन तिकडे निघाले की तो म्हणायचा, "तिथे नको, तिथे कुत्रेच शोभतात."

आता फळी पुन्हा लावायची आहे, आणि झोपायच्या खोलीतली वर-खाली सरकणारी खिडकी दोरी तुटून बसली आहे. दोन्हींचं सांगा.

एडना

*

लुनेनबर्ग
२४ जून १९७३

प्रिय वहिनी,

दादाला नावं ठेवू नका. त्याच्यात हौस होती, धीर नव्हता. आणि तो धीर त्याला कुणी शिकवला नाही. बाबांनी मला चौदाव्या वर्षी कामाच्या बाकापाशी उभं केलं आणि दादाला गिरणीच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटवलं, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. मला रंधा मारताना तो दारात उभा राहून बघायचा. बाबा म्हणायचे, "सिरिल, कपडे मळतील, लांब हो."

फळीसाठी भोक साफ करून लाकडी गुट्टी ठोकून बसवा, मग स्क्रू. पाणसळ लावून बघा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका.

खिडकीचं काम किचकट आहे, पण तुम्हाला जमेल. चौकटीच्या आतल्या बाजूची पट्टी पटाशीनं हळूच उचकटा, खिडकी पुढे ओढून काढा. चौकटीच्या बाजूला खाली एक छोटं झाकण असतं. ते उघडलंत की आत लोखंडी वजन पडलेलं सापडेल. नवी दोरी वरच्या चाकावरून सोडायला तिच्या टोकाला सुतळी बांधा आणि सुतळीला वाकवलेला खिळा. खिळ्याच्या वजनानं ती आपोआप खाली उतरते. हिल्डाला धरायला बोलवा. केस धुऊन झाले असतील तर.

आणखी एक विचारायचं होतं. बाथरूममधला गॅसचा गिझर अजून तोच आहे का? दादानं ६२ साली बसवलेला? असेल तर आता त्याचं वय झालं. माणूस बोलावून नवा बसवून घ्या. ही घरच्या घरी करायची गोष्ट नव्हे.

क्लिफ

*

अल्मा स्ट्रीट, बर्नली
१६ सप्टेंबर १९७३

प्रिय भावजी,

मध्ये लिहिलं नाही, रागावू नका. तब्येत बरी नव्हती.

खिडकी जुलैमध्येच झाली. एका बोटानं वर जाते. फळीवर मी मुद्दाम जाडजूड कोश ठेवले आहेत. उन्हाळ्यात मागच्या दाराला रंग दिला, हिल्डाच्या खिडकीची खिळखिळी काच कडांना लांबी भरून पक्की करून दिली. आता गल्लीतल्या बायका मला हाका मारतात. "एडना, जरा बघतेस का?" सिरिलला हाका मारायच्या तशाच. त्या ऐकून कधी बरं वाटतं, कधी घरात येऊन बसून राहते.

गिझरचं म्हणाल, तर तो मी बदलणार नाही. या घरातली सिरिलची बहुतेक कामं मी एकेक करून पुन्हा केली. प्रत्येक वेळी त्याचं काहीतरी उघडं पडलं, आणि प्रत्येक वेळी मला त्याचीच बाजू घ्यावीशी वाटली. एक गिझर तेवढा अकरा वर्षं बिनतक्रार चाललाय. ना गळला, ना बिघडला. कुणी पाहुणा आला की सिरिल त्याला वर नेऊन नळ सोडून दाखवायचा. "हात घालून बघा, भाजेल!" तो एवढा तरी राहू दे.

तब्येतीचं विशेष काही नाही. डोकं दुखतं. गंमत म्हणजे शनिवारी आंघोळ झाली की हटकून दुखतं, मळमळतं, आणि रविवारी दुपारपर्यंत उतरत नाही. कालच्या शनिवारी तर टबातून उठताना पाय लटपटले, दाराची कडी धरून कशीबशी बाहेर आले. हिल्डा म्हणते, सिरिल शनिवारी तिथेच गेला ना, म्हणून तुझं मन त्या दिवसाला धरून बसलंय. तसंच असेल. डॉक्टरनं टॉनिक दिलंय.

हिवाळा लवकर येणारसं दिसतंय. तुमच्याकडे कसं आहे?

एडना

*

तार
लुनेनबर्ग, २८ सप्टेंबर १९७३

गिझर पेटवू नका. बाथरूमचं दार खिडकी उघडी टाका. गॅसवाल्याला बोलवा. तो बघून जाईपर्यंत आंघोळ नको. क्लिफ.

*

अल्मा स्ट्रीट, बर्नली
२ ऑक्टोबर १९७३

क्लिफ भावजी,

तार शनिवारी दुपारी आली. टॉवेल काढून ठेवला होता मी. तारवाला दारात दिसला तेव्हा वाटलं, आता तुम्हीही गेलात.

सांगितलंत तसं केलं. काल सकाळी गॅसवाला आला. पिकल्या मिशांचा, थोराड माणूस. गिझर उघडून बघितला, शिडी लावून माळ्यावर गेला, आणि बराच वेळ खाली आलाच नाही. आला तेव्हा कपाळावर जळमटं होती.

"बाई, हे कुणी बसवलं?"

"माझ्या नवऱ्यानं."

"कुठे आहेत ते? दोन शब्द बोलायचेत मला त्यांच्याशी. गिझरचा धुराचा पाइप छताबाहेर काढलेलाच नाही. माळ्यावर नेऊन तसाच सोडलाय. वारा पडला की सगळं पुन्हा खाली उतरतं. या गॅसला वास नसतो, बाई. माणसाला झोप लागते."

मी म्हटलं, "तो गेला. फेब्रुवारीत."

"कशानं?"

"हृदयविकारानं. डॉक्टर तीन वर्षं औषध देत होते. इथेच. टबात."

त्यानं टोपी काढली. गिझरची जोडणी तोडली, नळीला बूच मारलं, हत्यारं गोळा केली. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही. दारात मात्र वळून म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं मला बोलवायला?" मी सांगितलं, दिरानं, कॅनडाहून. तो म्हणाला, "त्यांचे उपकार माना."

मानते. पण काल दुपारपासून मी स्वयंपाकघरात बसून एकाच गोष्टीचा विचार करतेय. मी लिहिलं ते डोकं दुखतं एवढंच. माझ्या डॉक्टरला त्यात काही दिसलं नाही. तुम्हाला अडीच हजार मैलांवरून दिसलं. कसं?

जूनमधलं तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं. "अजून तोच आहे का?" असं विचारलं होतंत.

तुम्हाला काय ठाऊक होतं, भावजी?

एडना

*

लुनेनबर्ग
१४ ऑक्टोबर १९७३

एडना वहिनी,

तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. न विचारता सांगायला हवं होतं.

भांडण पेटीवरून झालं नव्हतं. तसं दादानं तुम्हाला सांगितलं आणि मी ते खोडलं नाही.

६२ च्या ऑगस्टमध्ये, कॅनडाला निघण्यापूर्वी मी तुमच्याकडे राहिलो होतो ना? तेव्हा माझी ट्रंक माळ्यावर होती. आणायला वर गेलो तर गिझरचा पाइप जमिनीतून वर येऊन हातभर उंचीवर संपलेला. वरच्या वाशांवर ओल धरलेली. मी खाली आलो. दादा मागच्या खोलीत काहीतरी तासत होता. मी म्हटलं, "दादा, तो पाइप छताबाहेर काढ. कुणीतरी मरेल."

तो म्हणाला, "माळा केवढा मोठा आहे! जाईल कौलांतून."

"नाही जाणार. मी काढून देतो. एका दिवसाचं काम आहे."

तिथेच मी चुकलो असेन. "मी काढून देतो" म्हणायला नको होतं. त्यानं हातातला रंधा खाली ठेवला. तो म्हणाला, "बाबांनी तुला सगळं दिलं. मी हे घर स्वतःच्या हातानं केलंय. इथे तरी मला शिकवू नकोस." मी म्हटलं, मग वहिनींना सांगतो. तर म्हणाला, "एडनाला सांगितलंस तर तू माझा भाऊ नाहीस."

तुम्ही तेव्हा बाजारात गेला होतात. मी बाहेरच्या पायरीवर तुमची वाट बघत बसलो. तुम्ही आलात, पिशवीत माझ्यासाठी आल्याचा केक होता. तुम्ही विचारलंत, "चेहरा का असा? जहाजाची भीती वाटते का?" मी म्हटलं, हो.

खरं सांगायचं तर मी भावाच्या शब्दाखातर गप्प बसलो नाही. मला राग आला होता. मनात म्हटलं, बघ मग तुझं तू. त्या रागाच्या भरात मी समुद्र ओलांडला. पुढे दरवर्षी नाताळला इतरांची कार्डं लिहिताना वाटायचं, तुम्हाला एक ओळ लिहावी. मग वाटायचं, इतक्या वर्षांत काही झालं नाही म्हणजे त्यानं केला असेल पाइप नीट. हे स्वतःला सांगायला सोपं होतं.

फेब्रुवारीत तुमची तार आली. "सिरिल गेला, बाथरूममध्ये, हृदय." मधला शब्द वाचला आणि खाली बसलो. बोट मिळत होती, वहिनी. विमानही मिळत होतं. तुमच्यासमोर उभं राहायचं धैर्य नव्हतं.

आणि त्याहून वाईट पुढे आहे. मे महिन्यात तुम्ही नळाचं विचारलंत तेव्हाच मी लिहायला हवं होतं. तुम्ही त्याच बाथरूममध्ये आंघोळ करता हे मला माहीत होतं. लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, कसं ठाऊक? म्हणून मी वायसर आणि दोऱ्यांचं लिहीत बसलो. जूनमध्ये अर्धवट लिहिलं. तुम्ही डोकं दुखण्याचं कळवलं नसतंत तर मी आणखी किती गप्प बसलो असतो, सांगता येत नाही.

गॅसवाला म्हणाला उपकार माना. मानू नका.

क्लिफ

*

लुनेनबर्ग
२० जानेवारी १९७४

एडना वहिनी,

तीन महिने झाले. मी उत्तर मागत नाही. तुम्ही ठीक आहात एवढं हिल्डाकडून दोन ओळींत कळलं तरी पुरे.

आंघोळीची सोय काय केलीत? थंडी फार असेल.

क्लिफ

*

अल्मा स्ट्रीट, बर्नली
१० फेब्रुवारी १९७४

क्लिफ भावजी,

आज वर्ष झालं.

मी ठीक आहे. विजेचा बंब बसवलाय, वायरमन बोलावून. तुमचं ऑक्टोबरचं पत्र मी हिल्डाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तो पुन्हा या गल्लीत दिसला तर मीच त्याला हाकलीन." मला बरं वाटलं ऐकून. नाताळपर्यंत मी तुम्हाला मनातल्या मनात रोज पत्र लिहीत होते. एका टपाल तिकिटाचं काम होतं, एवढंच लिहायचं होतं त्यात. सकाळी उठलं की ते म्हणायचं, आणि दिवस निघून जायचा. तुमच्यावर रागावणं फार सोयीचं होतं.

का, ते सांगते. बाथरूममध्ये टबाच्या मागे, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीत एक जाळी आहे. तुम्ही ती पाहिलेली नाही, कारण तेव्हा ती नव्हती. तुम्ही जहाजावर चढलात त्याच आठवड्यात सिरिलनं छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीला भोक पाडलं. वेडंवाकडं, अर्धी फरशी फोडून. मी ओरडले, नवी भिंत खराब केलीस म्हणून. तो म्हणाला, "गिझरला हवा लागते. एडना, ही जाळी कधी बुजवायची नाही. कधी म्हणजे कधी नाही." का, ते विचारलं तर म्हणाला, "सांगितलं तेवढं ऐक."

म्हणजे त्यानं तुमचं ऐकलं होतं, भावजी. अर्धंच. पाइपाला हात लावला असता तर तुमचं खरं ठरलं असतं, म्हणून त्याला हात लावला नाही. पण तुम्ही गेल्यावर भोक पाडलं.

७२ च्या डिसेंबरात त्याची छाती धरून यायची. डॉक्टर म्हणाले, थंडीपासून जपा. त्या जाळीतून सुरीसारखा वारा यायचा. तो टबातून बाहेर आला की काकडायचा, ओठ निळे पडायचे. मी त्याचं जुनं लोकरीचं बनियन घेतलं आणि जाळीत कोंबलं. आतपर्यंत. वर टॉवेलांची मांडणी सरकवली, म्हणजे त्याला दिसू नये. तो म्हणाला, "यंदा बाथरूम ऊबदार वाटतंय, नाही?" मी म्हटलं, "हो, तू खिडकीला पट्ट्या लावल्यास ना, त्याचा गुण." तो खूश झाला.

त्या शनिवारी मी खाली इस्त्री करत होते. वर पाण्याचा आवाज थांबला. वाटलं, डोळा लागला असेल, लागू दे, आठवडाभर झोप नव्हती त्याला. चार शर्ट झाले माझे. मग हाक मारली.

तुमची तार आली तेव्हा दार-खिडकी उघडून मी पहिलं काम काय केलं असेल? मांडणी सरकवली आणि ते बनियन ओढून काढलं. गॅसवाल्याला जाळी मोकळी दिसली. तो म्हणाला, "निदान हे तरी एक शहाणपणाचं केलंय." मी मान हलवली. बनियन तेव्हा माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. हिल्डालाही नाही. तुम्ही पाइप पाहून गप्प बसलात, मी जाळी बुजवून. तुम्ही निदान विचारल्यावर सांगितलंत. मला विचारणारा एकच होता, सिरिल, आणि त्याला मी खोटं सांगितलं.

ऑक्टोबरपासून मी कबरीवर गेले नाही. आज जाणार होते. फाटकापर्यंत जाऊन परत आले.

एडना

*

लुनेनबर्ग
२१ फेब्रुवारी १९७४

एडना वहिनी,

तुमचं पत्र काल मिळालं.

त्या बनियनानं काही फरक पडला नसता, पाइपच मुळात चुकीचा होता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही कागद फाडले. इतके महिने तुमच्या हातात हत्यारं आहेत. बनवाबनवी तुम्हाला लगेच कळेल.

म्हणून जसं आहे तसं लिहितो. जाळी मोकळी असती तर दादा बहुतेक वाचला असता. पाइप छताबाहेर काढलेला असता, तर जाळी बुजूनही बहुतेक काही झालं नसतं. आणि मी अकरा वर्षांत एकदा, कुठल्याही नाताळला, एक ओळ तुम्हाला लिहिली असती तर तुम्ही त्या जाळीला हात लावला नसता. का बुजवायची नाही हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. दादानं नाही, मी नाही. तुम्हाला फक्त तो काकडताना दिसत होता. यातलं माझं मी तुमच्यावर ढकलणार नाही. तुमचं मला घेता येत नाही. येत असतं तर घेतलं असतं.

भोकाचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी कारखान्यातून उठलो आणि धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. दादानं माझं ऐकलंच नाही असं धरून मी इतकी वर्षं चाललो होतो. त्यावरच माझा सगळा राग उभा होता. तो छिन्नी घेऊन भिंतीशी गुडघ्यावर बसलेला मला दिसतो. नक्कीच माझ्या नावानं शिव्या देत असणार. पण पाडलं त्यानं. मला तेवढं कळवलं असतं, तर मी त्याच बोटीनं परत येऊन पाइपही काढून दिला असता. त्यानं लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुम्ही सांगितलंत ते माझ्यापाशी राहील.

मी रजा घेतली आहे. गुरुवारी, १४ मार्चला दुपारच्या गाडीनं बर्नलीला पोचेन. हिल्डानं हाकललं तर निमूट हाकलून घेईन. उतरल्यावर तुमच्या घरी नंतर येईन. आधी दादाच्या कबरीवर जायचं आहे, आणि ते माझ्याच्यानं एकट्यानं होणार नाही. फाटकापर्यंत जाऊन मीही परत फिरेन, हे मला आत्ताच दिसतंय.

तीन वाजता मी फाटकापाशी थांबतो. तुम्ही बरोबर याल का?

तुमचा,
क्लिफ